आई वाळेपर्यंत

तिच्या छातीतली गाठ साधी होती. सुई घालून तपासली तेव्हाच ते कळलं होतं, पण वाढत चालली होती म्हणून काढून टाकली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि छातीला धक्का लागू द्यायचा नाही. घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या.

मुलीला सगळे ढब्बू म्हणत. ढब्बूची माया डोक्यातून व्यक्त होत असे. लांबून धावत येऊन ती माणसाच्या अंगात डोकं खुपसायची. बसलेल्या माणसाच्या ते नेमकं छातीवर बसायचं, उभ्या माणसाच्या कुठे बसायचं ते तिच्या बाबाला विचारावं.

बाबा रंगारी. आईसुद्धा रंगारीच. भिंती आणि छत त्याच्याकडे, दारं-खिडक्या तिच्याकडे, कारण तिचा हात स्थिर होता आणि त्याला कडेपाशी आलं की शिंक यायची. गिऱ्हाइकांची दारं बिजागऱ्यांतून निघून त्यांच्या गॅलरीत येत, दोन लाकडी घोड्यांवर आडवी होत, भेगा बुजवायला लांबी खात, घासून घेत आणि रंगून परत जात. दोन खोल्यांच्या घरात नेहमी काही ना काही ओलं असायचंच. म्हणून नियम होता की ओल्या वस्तूला पिवळी चिंधी बांधायची, आणि चिंधी दिसली की बोट लावायचं नाही. ढब्बूला हा नियम चालता येण्याच्या आधीपासून येत होता.

तर त्या दिवशी घराच्या दारापाशी आल्यावर नवरा थांबला. आतून ढब्बूची पावलं ऐकू येत होती, म्हणजे ती लांब जाऊन धाव घ्यायच्या तयारीत होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि दुसरा माणूस रुमाल काढेल तशी खिशातून चिंधी काढली.

"हात दे."

"हे काय?"

"बघ तर."

त्याने चिंधी तिच्या डाव्या मनगटाला बांधली आणि दार ढकललं. ढब्बू खोलीच्या टोकाकडून सुटली, अर्ध्यावर आली, चिंधी पाहिली आणि फरशीवरून घसरत जेमतेम थांबली.

"ओली?"

"ओली," बाबा म्हणाला.

"कुठे कुठे?"

"सगळी."

ढब्बू दोन पावलं मागे सरकली. हात पाठीशी घेतले. नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं, की आता कुणीतरी पाठ थोपटावी.

उपाय लागू पडला, आणि मग लागू पडतच राहिला.

ढब्बू आईच्या पलंगापासून अंतर राखून बसू लागली. पाण्याचा पेला स्टुलावर ठेवायची आणि स्टूल फूटपट्टीने पुढे ढकलायची. एकदा टेबलफॅन ओढत आणून तिने तो आईच्या तोंडावर सोडला.

"अगं, गारठेल ती," सासूबाई म्हणाल्या.

"मग वाळेल कशी?"

सासूबाई सुनेचं करायला म्हणून आल्या होत्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे मोठ्याने आणि थोडक्यात बोलत, आणि पलीकडच्याचं संपायच्या आत दुसऱ्याकडे वळत. त्यांनी पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू भेटायला आल्या. "कशी आहेस गं माझी बाय?" करत दोन्ही हात पसरून पलंगाकडे निघाल्या, तर ढब्बू मध्ये आडवी.

"हात नाही लावायचा, काकू. ओली आहे ती."

"कोण ओली आहे?"

"आई. बाहेरून वाळलीये पण खरं नाही."

काकू हसल्या, सासूबाई हसल्या, तीही हसली, आणि टाके ओढले गेल्यावर डोळे मिटून म्हणाली, "कुणी हसवू नका मला." ढब्बू हसली नव्हती. ढब्बू ड्यूटीवर होती.

आठवडा संपायच्या आत आईने स्वतःच चिंधी सोडली आणि ढब्बूसमोर धरली. "हे बघ. सुटली. ये आता."

ढब्बू आली, पण कुशीत नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि तिने बोटाची नखाकडची बाजू आईच्या टाचेला हलकेच टेकवली. दार वाळलंय का हे बघायची ही पद्धत तिच्या आईचीच होती. कुणाचं लक्ष जाणार नाही अशी जागा निवडायची, नेहमी दाराची वरची कड, आणि नख टेकवून बघायचं. ढब्बूने माणसाच्या अंगावरची तशी जागा शोधली होती.

"कच्ची आहे," तिने निकाल दिला.

"अगं, कोरडी आहे की," बाबा म्हणाला.

"वरून कोरडं असतं. आतून कच्चं असतं. घाई करायची नाही."

हे वाक्य आई गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ऐकवत आली होती. एकाही गिऱ्हाइकाने ते मनावर घेतलं नव्हतं. घेतलं ते हिने, आणि तेही आत्ता.

"उजव्या बाजूला तर बस," ती म्हणाली. "उजवीकडे काही केलेलंच नाही."

"बाबा म्हणाले सगळी."

नवऱ्याने घसा साफ केला. "ते माझं चुकलं. फक्त डावी बाजू. तीही थोडीशीच."

रंगात पाणी घालताना पकडल्या गेलेल्या रंगाऱ्याकडे गिऱ्हाईक बघतं, तसं ढब्बूने त्याच्याकडे बघितलं. मग ती आजीकडे निघून गेली.

आजीकडे ती हल्ली बरीच जात असे. आंघोळ आजीकडून, केस आजीकडून, दुपारची झोप आजीजवळ. पलंगावर पडल्यापडल्या आईला पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू यायचं. तांब्या आपटल्याचा आवाज, कंगवा अडकल्यावरचं किंचाळणं, मग आजीची गोष्ट, जिच्यात सगळे प्राणी एकमेकांना फोन करत. झोपताना ढब्बूला कुणाचं तरी कोपर लागायचं. कोपराची सैल कातडी चिमटीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. जन्मल्यापासून ते कोपर आईचं होतं.

एकदा झोपून उठल्यावर ढब्बू दारात उभी राहिली आणि सौम्यपणे म्हणाली, "आजीचं कोपर जास्त मऊ आहे."

"हो का?"

"हो. तुझं थोडं कडक आहे."

"असेल बाई."

संध्याकाळी नवरा ब्रश धूत होता तेव्हा ती गॅलरीच्या दाराला टेकून उभी राहिली.

"हिला सवय लागेल," ती म्हणाली.

"कशाची?"

"माझ्याशिवायची."

"लागू दे की चार दिवस. तुलाही आराम," असं म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आधीच स्वच्छ असलेला ब्रश पुन्हा धुवायला घेतला.

तिला हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. गाठ साधी निघाली म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता, आणि सुटकेचा श्वास सोडलेल्या घरात रडायचं कशावरून? म्हणे पोरगी अंगावर येत नाही. जिच्या पोरी दिवसभर अंगावर लोंबकळतात तिला विचारा, ती म्हणेल नशीब काढलंस. ती स्वतः महिन्याभरापूर्वी हेच म्हणाली असती. ढब्बू गळ्यात पडली की "अगं सोड, हाताला रंग आहे माझ्या," असं ती दिवसातून कितीदा म्हणायची. आता हाताला रंग नव्हता. हात इतके स्वच्छ तिने लग्नानंतर पाहिले नव्हते.

टाके निघाले. काढलेल्या गाठीचा शेवटचा निकालही आला, तोही चांगलाच. पट्टी आता नको, हवा लागू दे, दोन वेळा मलम लाव, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी तिला मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बाजारात गेल्या होत्या आणि नवरा कामावर. ढब्बू बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून तेलकट खडूने कागदाला हिरवं करत होती. चित्र नाही, नुसतं हिरवं. कोपरे सुटू न देता. आई आतल्या खोलीत कपाटाच्या आरशापुढे बसली, गाउनची बटणं काढली आणि मलमाची ट्यूब उघडली. पट्टीशिवाय ती पहिल्यांदाच बघत होती. बाजूने गेलेली लाल रेघ, तिच्या दोन्ही कडांना टाक्यांचे ठिपके, आणि खाली जरा खोलगट. ती काही वाटायची वाट बघत थोडा वेळ बसली. रेघ सुरुवातीला सरळ होती आणि शेवटी तिरकी गेली होती, एवढंच तिच्या डोळ्याला दिसलं. धंद्याचा डोळा.

"आई."

ढब्बू दारात उभी होती. खडू हातात.

"काय गं?"

"तो डाग आहे."

"हो."

"मी नाही हात लावला."

तिने ट्यूब खाली ठेवली. "तू लावलास असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही." ढब्बूने खडू दाराच्या चौकटीवर घासायला घेतला आणि मग आठवून थांबली. "त्या निळ्या दाराला मी लावला होता."

कुठलं निळं दार, हे आठवायला तिला वेळ लागला. उन्हाळ्यातलं. दवाखान्याचं की कुणाचं तरी, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. त्यावर पाच बोटं उमटली होती, छान उमटली होती खरं तर. तिने तो भाग खरवडला, घासला आणि पुन्हा रंगवला.

"मग तू बोललीच नाहीस," ढब्बू म्हणाली. "अंधार पडेपर्यंत."

"अगं, तोंडात टेप होती माझ्या. कडेला लावायची. तुकडे दातात धरले होते."

ढब्बूने या खुलाशावर विचार केला. तो तिला पुरेसा वाटला की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"म्हणून तू येत नव्हतीस?"

"डाग पडला असता. मग तुला परत खरवडलं असतं त्यांनी."

या वेळी आईच्या तोंडात टेप नव्हती, तरी बोलता आलं नाही.

ढब्बू थोडी पुढे आली आणि मान वाकडी करून बघू लागली. "कुणी लावला हात?"

"डॉक्टरीणबाईंनी."

"ओली असताना?"

"ओली असतानाच."

"आणि वाकडं झालं."

"शेवटी थोडं गेलंय तिरकं."

"त्यांना येत नाही," ढब्बू म्हणाली.

"गाठ काढता येते त्यांना. रेघेचं फारसं बघत नाहीत."

"तू काढली असतीस सरळ."

"मी काढली असती."

यावर दोघींचं एकमत झाल्यावर जरा मोकळं वाटलं. ढब्बू आणखी जवळ आली, आता हात पुरेल इतकी, पण हात तिने पाठीशीच ठेवले होते.

"आता लागला माझा हात तर?"

"लागू दे."

"डाग पडेल."

"पडू दे. ही आई काही सकाळी गिऱ्हाइकाला द्यायची नाहीये. घरातच राहणार आहे."

"द्यायचीच नाहीये?"

"कधीच नाही."

ढब्बूने आधी रेघेकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. पाठीमागून एक हात काढला आणि रेघेपासून लांब, गळ्याच्या खाली, पूर्ण पंजा टेकवला. टेकवून दाबला. मग तिने पंजा उचलून बघितलं. हाताला खडूचं हिरवं होतं, त्यामुळे ठसा उमटला होता, अंगठ्यासकट.

"पडला," ढब्बू म्हणाली आणि थांबून राहिली.

"छान आलाय," आई म्हणाली. "दुसरा लाव."

दुसरा खांद्यावर लागला. तिसरा गालावर, तो नीट आला नाही म्हणून त्याच जागी चौथा. मग खडू संपेपर्यंत हाताला घासून घेण्यात आला आणि मानेमागे, दंडावर, कपाळावर काम झालं. मलम राहिलंच. शेवटी ढब्बू मांडीवर चढली, तिकडून नाही इकडून करत डाव्या बाजूलाच येऊन बसली आणि सगळं वजन टाकून दिलं.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा बायको भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, अंगभर हिरवे पंजे, आणि ढब्बू तिच्या डाव्या दंडावर, तिचं उजवं कोपर चिमटीत धरून, तोंड उघडं टाकून झोपलेली. तो उंबऱ्यातच थांबला.

"हे काय?"

"हळू."

त्याने आवाज खाली आणला. "सगळा भार तिकडेच टाकलाय तिने. दुखत नाहीये?"

"दुखतंय."

"मग उचलू तिला?"

"नको."

तो बूट काढून तिच्यासमोर उकिडवा बसला, गळ्याखालचा पहिला ठसा जरा वेळ निरखत राहिला आणि पापणी न हलवता म्हणाला, "अंगठा चांगला आलाय."

"हो ना."

"चहा टाकू?"

"टाक," ती म्हणाली. "आणि मला तो कुणीतरी पाजायला हवा. दोन्ही हात अडकलेत."