डभोईच्या अंगाचा तारा

लीलाबाईंनी पिशवीतून पृथ्वीचा गोल काढला, पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हाराशेजारी ठेवला.

"हे कशाला?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"शोभेला. पंचाहत्तरी तुमची, व्याख्यान तुमचं. लाडवांखेरीज काहीतरी गोल हवंच ना."

बडोद्याच्या गोत्री भागातल्या सोसायटीचा हॉल भरला होता. व्याख्यानाचा बेत लीलाबाईंचाच. होळीला त्यांनी शेजारच्या रसिकाला, म्हणजे कॉलेजात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला, एक साधासा प्रश्न विचारला होता. उत्तर ऐकल्यापासून त्या घरात इतक्या गोड वागत होत्या, की लक्ष्मीकांतरावांचा सदरा पोटावर ताणला जाऊ लागला.

"सत्त्याऐंशी साल!" लक्ष्मीकांतरावांनी व्याख्यान सुरू केलं. " शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला. नुसत्या डोळ्यांना दिसणारा! बडोद्यात उजेड फार, म्हणून मी महिनाभर रोज दुर्बीण घेऊन जवळच्या डभोई गावाला. घरी ही ओली बाळंतीण. पण एका शब्दानं अडवलं नाही."

"मजा आवी गई!" अध्यक्ष फत्तेसिंहराव म्हणाले. टाळ्या पडल्या. लीलाबाईंच्या सर्वांत शेवटी थांबल्या.

तान्हीला खांद्यावर घेऊन त्यांनीही गच्चीतून तो तारा शोधला होता. दिसेना, तेव्हा हे म्हणाले होते, "तुझी नजरच अधू." लीलाबाईंनी चष्मा करून घेतला होता.

"काका, कुठल्या दिशेला दिसायचा?" रसिकानं विचारलं.

"तिकडे. डभोईच्या अंगाला." त्यांनी ऐटीत हात लांब केला.

रसिकानं संकोचून गोल जवळ ओढला.

"तो तारा पार दक्षिणेचा, काका. कन्याकुमारीहून दिसला असता. इथून क्षितिजाच्या वर येतच नाही."

"इथून नव्हे गं, डभोईहून!"

"गोलावर बडोदं-डभोई एका बोटाखाली झाकली जातात, काका."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

लीलाबाई डिशमध्ये बडोद्याचा ओलसर लिलो चिवडा भरत होत्या.

"असं कसं, रसिका? माणूस महिनाभर रोज जातो, पहाटे गुणगुणत परततो. काही दिसल्याशिवाय?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझी तर नजरच अधू. अहो, तुम्हीच सांगा ना तिला. नाव काय होतं, ताऱ्याचं?"

लक्ष्मीकांतरावांचा हात अजून डभोईकडेच होता. लीलाबाईंनी त्यात डिश ठेवली.