आपलं ऐंशी

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचा नव्हे आणि पायात रुततो तो तर मुळीच नव्हे. दोनच माणसे मावणाऱ्या एका बुटक्या लाल स्पोर्ट्स कारच्या काचेआड बसून तिचा वेग सांगणारा मी काटा. देवाने मला एक शून्य दिले आणि एक टोक दिले. शून्यावरून उठायचे, आकड्यांना रामराम करत वर जायचे आणि पुन्हा शून्यावर येऊन निजायचे. तुमचे तरी याहून वेगळे काय असते?

कारखान्यात एका बाईंनी मला चिमट्याने उचलून तबकडीवर बसवले, हलकी फुंकर मारली आणि म्हणाल्या, "खरं बोल हं बाळा." तोच माझा गुरुमंत्र. चाक फिरले की एक केबल फिरते, केबल फिरली की मी हलतो. चाकाचे फेरे मोजावेत आणि खरे बोलावे, एवढीच माझी भक्ती.

आमची गाडी दातांच्या डॉक्टरांची. शेजारी त्यांच्या पत्नी बसत. सारी गल्ली त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणतो. मावशींना वेगाचे भारी भय. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले, "ऐंशीच्या वर केसभरही नाही. नाहीतर मी उतरून चालत जाईन."

"धावत्या गाडीतून?"

"हो, धावत्या गाडीतून!"

दर रविवारी सकाळी आम्ही तलावावर जायचो. निघताना मावशींची मूठ दाराच्या कडीवर घट्ट असे. नजर माझ्यावर. मी ऐंशीवर येऊन थांबलो की मूठ सुटे, हात मांडीवर येई आणि त्या देवाचे गाणे गुणगुणू लागत. त्या गाण्यासाठीच तर डॉक्टर तलावावर जात.

"लग्न माझ्याशी केलंस की या काट्याशी?" ते चिडवत.

"काटा शब्दाला जागतो," मावशी म्हणत. मित्रांनो, अंगावर मूठभर मांस चढणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. मांस नसूनही!

मग डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांना हौस आली. "आयुष्यभर लोकांना आ करायला लावलं. आता माझी गाडी बघून गल्लीनं आ करावा." त्यांनी मोठी, चकचकीत अलॉय चाके बसवली. टायरवाल्याने चाक आणि पत्रा यांच्यामध्ये बोट घालून दाखवले, "बघा, कुठे घासत नाही!" सगळे खूश झाले. चाकाने पत्र्याला विचारले, पण काट्याला कोणी विचारले नाही.

पहिल्या रविवारी मी ऐंशीवर उभा राहिलो. मावशींची मूठ सुटेना.

"अहो, हळू."

"अगं, काटा बघ ना. ऐंशीच आहे."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. गाणे आले नाही. पुढचे काही रविवार असेच गेले. मग एकदा त्या दारातच थांबल्या. "तुम्ही जाऊन या. माझंच वय झालं. छाती धडधडते."

डॉक्टर एकटेच निघाले. शेजारच्या आसनावर चहाचा थर्मास तेवढा लवंडत होता. तलावाच्या रस्त्यावर नवी पाटी लागली होती, येणाऱ्या गाडीचा वेग झळकवणारी. पाटी म्हणाली, अठ्ठ्याऐंशी. मी म्हणत होतो, ऐंशी. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि विती टाकून चाक मोजले. घेर मोठा! एका फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा जास्त रस्ता कापत होती आणि मी आपला जुन्या मापानेच बोलत होतो.

तलावावर जाणे तसेच राहिले. घरी येताच त्यांनी हॉर्न वाजवला. मावशी ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

"तुझं वय नाही गं झालं. चाकं मोठी झाली," डॉक्टर म्हणाले आणि पाटीची हकीकत त्यांनी सांगितली.

"म्हणजे हा खोटं बोलत होता?" मावशींनी माझ्याकडे बोट केले. मी शून्यावर होतो, आणखी खाली जायला जागा नव्हती.

"त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! चूक माझी. तू हळू म्हणालीस आणि मी तुला काटा दाखवला. उद्याच ही चाकं काढतो."

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आ करा बघू. अक्कलदाढ आली का, बघते." आणि हसल्या. "राहू देत चाकं. छान दिसतात. थांबा, आलेच."

आल्या त्या लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन. गाडी निघाली. डॉक्टर या वेळी माझ्याकडे नाही, मावशींच्या मुठीकडे बघत वेग वाढवत होते. मूठ सैल झाली. "हं. हेच आपलं ऐंशी," मावशी म्हणाल्या. मी त्र्याहत्तरावर होतो. समोरच्या पाटीवर झळकले, ऐंशी!

तलावाशी गाडी थांबल्यावर मावशींनी माझ्या काचेवर, त्र्याहत्तराशी, एक लाल ठिपका दिला.

मित्रांनो, गाडीला हौसेने काही नवे लावाल तेव्हा आत बसलेल्या जुन्यालाही एकदा विचारा. आणि आपले माणूस "हळू" म्हणाले, तर त्याला आकडा दाखवू नका. आधी त्याची मूठ बघा. माझी काच पुसाल तेव्हा तो ठिपका तेवढा सांभाळा. आता मी त्याच्याशी येऊन थांबतो, कडीवरचा हात मांडीवर येतो, आणि मी कान लावून बसतो. गाणे सुरू होते.