मत थेल्माचं, घर विल्फचं

टीव्हीवरचा एकही कार्यक्रम थेल्माच्या तावडीतून सुटला नव्हता. गुन्हेगारीच्या नव्या मालिका इतक्या अंधारात काढतात, की खून कुणाचा झाला हे मेलेल्यालाही कळू नये, असं तिचं म्हणणं. नट तोंडात गोट्या धरल्यासारखे पुटपुटतात. केकच्या स्पर्धेत केक फुगला नाही म्हणून बाप्ये धाय मोकलून रडतात. आणि बेटावर नेऊन सोडलेली ती उघडीवाघडी पोरं! शी! यांना आईबाप नाहीत का?

हे ती नुसतं घरात बसून म्हणत नसे. बर्नली गावच्या रेडिओवर न्याहारीच्या वेळी 'काल काय पाहिलंत?' नावाचा कार्यक्रम लागायचा. संध्याकाळी फोन करून मशिनवर आपलं मत बोलून ठेवायचं. क्लाइव्ह नावाचा निवेदक त्यातली चटकदार मतं निवडून सकाळी ऐकवायचा. थेल्माचं मत आठवड्यातून एकदा तरी लागायचंच. बाजारात लोक तिला थांबवून म्हणत, "काय सोललंस गं परवा!" सत्तरी उलटली होती, नवरा गेला होता, गुडघे गेले होते. जीभ तेवढी शाबूत होती.

त्या बुधवारी शेजारची एनिड बिस्किटांचा डबा घेऊन आली. दोघींनी चहा घेतला आणि नवा कार्यक्रम लावला. कुणाच्या तरी उकिरडा झालेल्या घरात कॅमेरा घेऊन घुसायचं, ती घाण साऱ्या देशाला दाखवायची आणि मग घर साफ करून द्यायचं, असला तो प्रकार. घरमालकाचं तोंड मात्र जाहिरातींनंतरच दाखवायचे, म्हणजे लोक खिळून राहतात.

वर्तमानपत्रांच्या ढिगांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. सिंकमध्ये हिरवी साय धरलेली भांडी. बाथटबमध्ये काळ्या पिशव्या. उंदराच्या लेंड्या तर इतक्या जवळून दाखवल्या की एनिडने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

"माणूस आहे की डुक्कर?" थेल्मा म्हणाली. "डुक्कर तरी बसायची जागा सोडून घाण करतं!"

जाहिराती लागल्या तसा तिने फोन ओढला. मत ताजं असतानाच बोलून टाकायचं, ही तिची पद्धत. "क्लाइव्ह, थेल्मा बोलतेय. आत्ता जे पाहिलं त्याने जेवण वर आलं माझं. या बाबाला घरासकट पाईपाने धुवा! आणि मला सांग, याला कुणीच नाही का? भाऊ? बहीण? असतील तर त्यांच्या तोंडात शेण घाला म्हणावं. इतकी वर्षं डोळे मिटून बसले होते काय मेले?"

"वा गं माझी वाघीण!" एनिडने टाळ्या वाजवल्या.

जाहिराती संपल्या. घरमालक दारात आला. उन्हाने डोळे मिचकावत होता. सुतारासारखी कानामागे पेन्सिल. "मी बरा आहे," तो म्हणाला. "तक्रार नाही काही." निवेदिकेने गोड आवाजात विचारलं, तुमचं जवळचं कुणी? "नाही," तो म्हणाला. "कुणी नाही."

"अगं, हा तुझ्या विल्फसारखा दिसतो की!" एनिड म्हणाली.

"छे! काहीतरीच काय. माझा भाऊ टापटिपीचा आहे."

एनिडने तिच्याकडे पाहिलं, चहा संपवला आणि डबा तिथेच विसरून ती घरी गेली.

विल्फ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याची बायको ऑड्री गेल्यापासून थेल्मा त्याच्या घरात गेली नव्हती. दर नाताळला ती भेट घेऊन जायची. तो दार हातभर उघडायचा, भेट घ्यायचा, "मी बरा आहे" म्हणायचा. "आत ये" म्हणायचा नाही. आणि बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाय टाकायचा नाही ही त्यांच्याकडची रीत, मग तो सख्खा भाऊ का असेना. वास यायचा त्या दारातून. आलाच होता. तिने नाकाला रुमाल लावून बसस्टॉप गाठला होता आणि त्यालाच सभ्यपणा म्हटलं होतं. आता तिला स्वतःचीच शिसारी आली.

मग तिला आठवलं. गेल्या नाताळला तो दारातून म्हणाला होता, "रेडिओवर तुला रोज शोधतो हं मी."

तिने पुन्हा फोन लावला. माणूस कुठला, मशिनच. "क्लाइव्ह, अरे, ते मघाचं लावू नकोस. पाया पडते तुझ्या. आमचा विल्फ आहे तो. आमचा विल्फ. तो ऐकतो रे. नको लावूस."

सकाळी पहिल्याच बसने ती निघाली. तिला एवढंच करायचं होतं: तो रेडिओ बंद. दार हातभर उघडलं.

"थेल्मा? नाताळ तर नाही आज."

"आत येऊ दे."

"मी बरा आहे गं."

"ते काल टीव्हीवर ऐकलं. सरक!"

आणि तिने चक्क दार ढकललं. आत फिनाईलचा वास मारत होता. घर धुतलेल्या खाटीकखान्यासारखं रिकामं. कचऱ्याबरोबर ऑड्रीचं शिलाई मशीनही नेलं होतं त्या टीव्हीवाल्या शहाण्यांनी. स्वयंपाकघरात रेडिओ बोलत होता. थेल्मा गुडघे ओढत तिकडे धावली, पण क्लाइव्हच्या तोंडून तिचं नाव निघालंसुद्धा.

"राहू दे," विल्फने तिचा हात धरला. "मला ऐकायचंय."

पाईपाने धुवा. कुणीच नाही का. तोंडात शेण घाला. एकेक शब्द त्या उघड्या भिंतींवर आपटला. थेल्मा खाली बघत उभी राहिली.

"थांबा मंडळी!" क्लाइव्हला हसू आवरत नव्हतं. "खरी गंमत पुढेच आहे!" आणि त्या हलकटाने दुसरा निरोपही लावला, मागे सर्कशीचं संगीत टाकून. पाया पडते. आमचा विल्फ आहे तो. आमचा विल्फ.

"हरामखोर!" थेल्माने रेडिओची वायरच उपटली. "लोकांच्या जिवावर हसतोय मेला!" म्हणाली, आणि तोंड मिटलं. इतकी वर्षं त्याला हसवायला मालमसाला कोण पुरवत होतं?

विल्फ पेन्सिल बोटांत फिरवत बसला होता. "आमचा विल्फ म्हणालीस. अख्ख्या बर्नलीसमोर."

"त्याआधी एनिडला नाही म्हणाले होते. माझा भाऊ नव्हे तो, असं."

"मीही नाहीच म्हटलं होतं. अख्ख्या देशासमोर."

त्याने किटली ठेवली. फडताळात एकच कप होता. "टीव्हीवाल्यांनी विचारलं, किती कप ठेवायचे? मी म्हटलं, एक पुरे. कोण येतंय?"

चहा ओतून त्याने तो कप थेल्मापुढे सरकवला.

"तू पी आधी. मग धुऊन मी घेतो."