विस्तवाविना उतू गेलेलं दूध

पातेल्यातलं दूध फुगलं, काठाशी आलं, क्षणभर थबकलं आणि भसकन उतू गेलं. पठारावर जमलेली चाळीसेक माणसं एका आवाजात ओरडली, "शीताग्नी महाराज की जय!"

पातेल्याखाली चूल नव्हती, गॅस नव्हता, साधी काडीसुद्धा पेटलेली नव्हती. एक लोखंडी घमेलं, त्यात वाळू, वाळूत रुतवलेलं पितळी पातेलं आणि त्यामागे मांडी घालून बसलेले भगव्या कफनीतले महाराज, एवढाच सगळा संसार. शेजारच्या बाईंनी स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारून घेतल्या. हिंजवडीहून आलेला अजिंक्य नावाचा आयटीतला मुलगा दुपारपासून मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता. त्यानंही मोबाइल खाली ठेवून हात जोडले. याहून मोठा चमत्कार मी तरी पाहिला नव्हता.

मी हरिहर. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामावर शंका घेण्याचा मला पगार मिळतो. मोटारसायकलच्या टाकीवरच्या रंगात बुडबुडे का येतात, ते आमच्या सहा जणांच्या गटानं यंदा शोधून काढलं. पद्धत सोपी. 'का?' विचारायचं, उत्तर मिळालं की त्यालाही 'का?' विचारायचं, असं पाच वेळा. कंपनीत याला व्हाय-व्हाय म्हणतात. बक्षीस म्हणून कंपनीनं आम्हाला एका रात्रीच्या कॅम्पिंगला पाठवलं. तीच सहा हुशार माणसं आता हात जोडून दुधाकडे बघत होती.

जागा मात्र झकास. भीमाशंकरकडच्या डोंगरात, जंगलाच्या पोटात एक पठार, त्यावर आठ तंबू, दोन संडास आणि एक नळ. सयाजी नावाचे गावातलेच गृहस्थ ती चालवतात. मोबाइलला रेंज नाही. फेब्रुवारी संपत आलेला, गवत वाळून कोळ झालेलं, त्यामुळे वणव्याच्या भीतीनं विस्तव पेटवायला सक्त मनाई. जेवणसुद्धा खालच्या वस्तीवरून, सयाजींच्या घरून डब्यात येतं. अशा ठिकाणी विस्तवाविना दूध तापवणारा माणूस महिन्यापूर्वी येऊन नळाशेजारी झोपडी घालून राहिला, तेव्हा सयाजींना डोंगरच पावल्यासारखं वाटलं. दर शनिवारी गर्दी वाढत होती.

खरं सांगायचं तर दूध तापण्याआधी मीच पुढे झालो होतो. "खाली हीटर असणार. वायर दाखवा," असं सगळ्यांदेखत म्हणालो. महाराजांनी हसत हसत घमेलं उचलायला लावलं. खाली नुसती जमीन. वाळूत बोट घातलं, वाळू गार.

"बघू द्या या शंकासुराला," महाराज म्हणाले. "परदेशातले शास्त्रज्ञ येऊन गेले, मान खाली घालून गेले. हे तर बिचारे चाकणचे!"

लोक खो खो हसले. आमच्या गटातले सगळ्यात जोरात.

मग महाराजांचं प्रवचन झालं. "बाळांनो, अग्नी दोन प्रकारचा. एक जाळणारा, एक पाळणारा. हा पाळणारा. ही कॉस्मिक एनर्जी आहे. फाइव्ह-जीसारखी. दिसत नाही, पण येते." तिथं टू-जीसुद्धा येत नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर त्यांनी कमंडलूतलं पाणी वाळूवर गोल गोल ओतलं आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. दहाएक मिनिटांत वाळूतून वाफा निघाल्या. "धरणीमातेचा निःश्वास!" त्यांनी जाहीर केलं. आणि आणखी पाव तासानं दूध उतू गेलं.

इथवर सगळी गंमतच होती. मलासुद्धा मजा आली, खोटं का बोलू?

खडीसाखर घालून दुधाचा प्रसाद वाटला गेला आणि आमचा ज्योतीराम आपल्या मुलीला घेऊन महाराजांपुढे जाऊन बसला. ज्योतीराम लातूरकडचा, आमच्या पेंटशॉपमधला. मुलगी अनुया, वय वर्षं नऊ. दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागतं. तिच्या आईला, करिष्माला, त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून बापलेकच आले होते.

"महाराज, दिवसातनं चार डाव टोचायलोय लेकराला," ज्योतीराम म्हणाला. "हात उचलत न्हाई आता माझा."

महाराजांनी अनुयाच्या डोक्यावर हात ठेवला. "सुई म्हणजे जाळणारा अग्नी. तोच हिला खातोय. आजपासून एकवीस दिवस सुई बंद. इथंच राहून रोज माझ्या हातचं दूध. ती पेटी इकडे दे."

आणि ज्योतीरामनं इन्सुलिनची, साखर तपासायच्या यंत्राची, अशी सगळी पेटी महाराजांच्या झोळीत टाकली. अनुयानं पेलाभर गोड दूध पिऊन टाकलं.

मी उठून त्याला बाजूला ओढलं. "वेड लागलंय का? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? एक दिवससुद्धा बंद करायचं नाही ना?"

"हरिहरभाऊ, तुमी हीटर म्हनलात. निगाला का हीटर?" त्यानं शांतपणे विचारलं. "दूध मी माज्या डोळ्यानं बगितलंय."

मघाशी चारचौघांत फुकट मिरवलेली हुशारी आता अंगाशी आली होती. साडेपाच वाजले होते. साडेसातला जेवण, म्हणजे जेवणाआधीची सुई साडेसातला. राजगुरुनगरचा दवाखाना दोन तासांवर, फोन लागत नाही. आणि अनुयानं अर्ध्या तासात दुसऱ्यांदा पाण्याची बाटली मागितली. साखर वाढली की अशीच तहान लागते, हे ज्योतीरामनंच मला एकदा सांगितलं होतं. सयाजींची जीप मिळते का, ते बघायला मी वळलो.

तेवढ्यात मागून हाक आली. "साहेब, जरा नळाकडं या."

सुमनताई. आमच्या गटातल्या सहाव्या. देहूहून येतात, कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लांटवर आठ वर्षं काम करतात. मीटिंगमध्ये फार बोलत नाहीत, कारण आम्ही पाच जण बोलायचं थांबत नाही. प्रसादाचे पेले विसळायला त्या महाराजांच्या झोपडीमागच्या नळावर गेल्या होत्या. तिथं कारवीच्या झुडपांत पांढराशुभ्र, मऊ लगदा ढिगानं टाकलेला होता.

"लोण्यासारखं दिसतंय ना?" त्या म्हणाल्या. "हात नका लावू."

त्यांनी बाही वर केली. मनगटाच्या वर जुना, गुळगुळीत डाग होता. "आपल्या सांडपाण्यातलं आम्ल मारायला चुना लागतो. गोणी ओतताना एकदा अंगावर आला. आता महाराजांची बोटं आठवा. तसेच डाग आहेत. प्रसाद घेताना मी दूध बघितलंच नाही, बोटंच बघितली."

झोपडीच्या वळचणीला घट्ट झाकणाचा निळा पिंप होता. सुमनताईंनी झाकण उघडलं. आत पांढरे खडे. "चुनकळी," त्या म्हणाल्या. "भट्टीतला न भिजवलेला चुना. हिला पाणी दाखवलं की अशी तापते की विचारू नका, आणि शेवटी तिचाच असा पांढरा लगदा होतो. ज्वाळा नाही, धूर नाही. वाळूखाली हीच घातली होती. तुम्ही वरची वाळू चाचपलीत, आणि तीसुद्धा पाणी पडायच्या आधी."

मी कपाळाला हात लावला. दूध का तापलं? हीटरनं! पहिल्याच 'का'ला मी उत्तर चिकटवून मोकळा झालो होतो. वाळू पाणी ओतल्यावरच का तापली, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. बुडबुड्यांसाठी आम्ही तीन आठवडे डोकं फोडलं होतं, इथं तीन मिनिटं नाही.

आम्ही पिंप उचलून थेट पठाराच्या मधोमध आणला. गर्दी पुन्हा जमली. महाराज तरातरा आले.

"माझ्या धवल पाषाणांना हात कुणी लावला? भस्म व्हाल!"

"म्हणून तर हातमोजे घातलेत," सुमनताई म्हणाल्या. माझे मोटारसायकलचे हातमोजे आणि अजिंक्यचा गॉगल चढवून त्या तयार होत्या. "सगळे दहा पावलं मागं व्हा. पोरांना तर आणखी लांब. हे उडून डोळ्यात गेलं तर डोळा जातो. घरी कुणी करायचं नाही."

घमेल्यात खडे, वर वाळू, वाळूत चहाचं पातेलं. सुमनताईंनी पाणी ओतलं. मंत्र त्यांना येत नव्हता. त्यांनी रोज शिफ्टच्या सुरुवातीला म्हणतात ती सुरक्षेची शपथ खणखणीत आवाजात म्हटली. वाळू फुसफुसली, वाफा आल्या, आणि पंचवीस मिनिटांत चहाचं पाणी खदखदायला लागलं.

मला वाटलं, जिंकलो. पण महाराजही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"बघितलंत?" त्यांनी दोन्ही हात वर केले. "माझीच शक्ती या माउलीच्या हातून काम करतेय! मी इथं उभा आहे म्हणून उकळलं!"

आणि लोक चक्क डोलायला लागले. दोघातिघांनी सुमनताईंच्याच पायाला हात लावला. ज्योतीरामनंही हात जोडले.

"अहो, उठा!" सुमनताई ओरडल्या. मग महाराजांकडे वळून अगदी गोडीत म्हणाल्या, "तुमची शक्ती ना? मग असं करू. दुसरं घमेलं घेऊ. त्यात नुसती वाळू, खडे नाहीत. पाणी तुम्ही ओता, मंत्र तुम्ही म्हणा, वेळ लागेल तेवढा घ्या. दूध तापलं तर मी जन्मभर तुमची सेवा करीन."

गर्दीला हे पटलं. सयाजींनी स्वतः घमेलं आणलं, वाळू भरली, दूध ठेवलं. महाराजांनी पाणी ओतलं. पुटपुटले. मग मोठ्यानं म्हटलं. मग डोळे फिरवले, अंगात आल्यासारखे घुमले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. इकडे सुमनताईंच्या पातेल्यात चहा तयार झाला आणि पेल्यापेल्यातून फिरलासुद्धा. अर्ध्या तासानं अजिंक्यनं पुढं होऊन दुधात बोट बुडवलं.

"फ्रीजमधून काढल्यासारखं आहे राव!"

पहिलं कोण हसलं ते माहीत नाही, पण मग पठार हसलं. सगळ्यात मोठ्यानं सयाजींनी मांडीवर थाप मारली.

"आरं तिच्या! ह्यो तर आमच्या बाचा खेळ हाय! दिवाळीला घराला चुना द्यायचा तवा बा चुनकळी भिजवायचा. रटारटा उकळायची. आमी पोरं त्यात बटाटं टाकायचो न् मार खायचो! आता रंगाचा डबा आयता आणतुया, इसरूनच गेलो की समदं. आन मी ह्याच्या पाया पडतुया व्हय?"

महाराजांनी झोळी उचलून काढता पाय घेतला होता. ज्योतीराम त्यांच्या वाटेत जाऊन उभा राहिला. तो हसत नव्हता.

"पेटी द्या," तो म्हणाला.

"वत्सा, श्रद्धा..."

"पेटी द्या माज्या लेकराची!"

पेटी मिळाली. सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. ज्योतीरामनं अनुयाचं बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावर आकडा आला, तीनशे बेचाळीस, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट. किती इन्सुलिन द्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद त्यानं माझ्यापुढे धरला. तो मी वाचला. अनुयानंच त्याच्या हातून इन्सुलिनचं पेन घेतलं, आकडा फिरवला, मला दाखवला आणि पोटाशी टेकवून दाबलं.

"पप्पा, मला सुई नाही आवडत," ती म्हणाली. "पण न दिल्यावर जास्त कसंतरी होतं."

ज्योतीराम तिथंच दगडावर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. "हरिहरभाऊ, मी येडा न्हाई ओ," तो म्हणाला. "मला फकस्त ते खरं व्हावं वाटत हुतं." त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं नसतं, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही.

महाराज एका साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना घालायच्या कामावर होते, हे त्यांनी नंतर सयाजींना सांगितलं. रात्रभर सयाजींनी त्यांच्यावर नजर ठेवली आणि सकाळी त्यांना जीपमध्ये घालून पोलीस ठाण्यात नेलं. औषध बंद करायला लावून चमत्कारानं बरं करतो म्हणणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात कायदा आहे. अनुया रात्री भाकरी, पिठलं जेवली, दर दोन-तीन तासांनी आम्ही साखर तपासली आणि पहाटेपर्यंत आकडा उतरला.

आता तुम्हाला एवढंच सांगायचंय. कुणी जादू दाखवली तर खुशाल बघा, टाळ्या वाजवा. पण जादू दाखवणारा औषध सोडा म्हणाला की तिथून उठा. दूध तापवता येतं म्हणून त्याला तुमच्या लेकराचा आजार कळतो असं नाही. आणि त्याची युक्ती तुम्हाला ओळखता आली नाही, म्हणून ती दैवीही ठरत नाही. माझंच बघा, मलाही नव्हती ओळखता आली. अशा वेळी 'मला माहीत नाही' म्हणायला लाजू नका. तसं म्हणा, ज्याला माहीत आहे त्याला विचारा, आणि तोवर औषध वेळेवर घ्या.