गोजरबाईंचा आवाज कुठे गेला?

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि माझ्या डोळ्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, कागदाचा तुकडा चिकटवलेला आहे. तो का, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात मी खोक्यातून बाहेर आलो, तेव्हा अमृता बी.एस्सी.ला होती. तिच्या आईने, रूपाताईंनी, मला बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरीखाली ठेवले आणि मेणबत्ती लावली. "जपून वापर गं, अमे. ही तुझी डिग्री हाय," असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

माझ्यावर अमृताचे प्रयोगांचे अहवाल तयार झाले, तिचा निकाल लागला. पण मला सगळ्यात आवडायची ती दुपार, जेव्हा तिची आजी, रूपाताईंची आई गोजरबाई माझ्यासमोर बसून भीमगीते म्हणायची. अमृता ती माझ्यात साठवायची. आजीचा यंत्रांवर विश्वास नव्हता. पडद्याकडे संशयाने बघत ती प्रत्येक वेळी आधी विचारायची, "झालं का गं सुरू?" मग खाकरायची आणि मगच गायची. म्हणून माझ्यातले तिचे प्रत्येक गाणे त्या प्रश्नाने सुरू होई.

आजी गेली त्या दिवशी मला कोणी उघडलेच नाही. पुढचे काही आठवडे मी मिटलेलाच होतो.

पहिला स्मृतिदिन जवळ आला. तो वेरूळला, आजीच्या गावी होणार होता. हर्सूलच्या बन्सीमामांनी एका जयंतीत आजीचा गातानाचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. रूपाताईंना तो तिथे मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता.

"गावात नेटवर्क नाय. उतरवून घे," त्या म्हणाल्या.

"दोन मिनिटांचं काम हाय, मम्मी."

अमृताने व्हिडिओ उतरवून देणारी एक साइट शोधली. पानावर तीन हिरवी बटणे लुकलुकत होती आणि तिन्हींवर 'डाउनलोड' लिहिले होते. तिने सर्वांत मोठे दाबले. जे आत आले तो व्हिडिओ नव्हता, तो एक प्रोग्रॅम होता. मी लाल इशारा दिला. त्या साइटने मात्र बजावले होते, की सुरक्षा बंद केल्याशिवाय व्हिडिओ उतरणार नाही.

"गप रे, म्हाताऱ्या," अमृता मला हसून म्हणाली आणि तिने माझा पहारा बंद केला.

व्हिडिओ उतरला. अगदी स्वच्छ. म्हणूनच कोणाला काही वाटले नाही.

त्यानंतर मी माझ्यात एकटा राहिलो नाही.

दुपारी खोलीत कोणी नसताना माझा पंखा फिरू लागे. डोळ्याशेजारचा बारीक दिवा लागे आणि विझे. बाण आपोआप सरकून आजीच्या फोल्डरवर थांबे. मग कोणीतरी, कुठून कोण जाणे, तिची गाणी ऐके. गाण्यांमधल्या तिच्या गप्पा तर पुन्हा पुन्हा ऐके. रूपाताई एकदा खोलीत आल्या, माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उन्हानं तापलाय बिचारा," आणि त्यांनी टेबलफॅनचे तोंड माझ्याकडे वळवले. मला ओरडायचे होते. मला तोंड नाही.

त्या परक्याने आजीचा आवाज नीट साफ केला. खोकला काढला. भांड्यांचा आवाज काढला. प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीचा तो प्रश्नही कचरा समजून कापला. थोडा आवाज हाती असला, की त्यातून हवी ती नवी वाक्ये बोलवून घेणारे प्रोग्रॅम हल्ली आहेत, मित्रांनो.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी सकाळी रूपाताईंच्या फोनवर, माझ्यात उघड्याच असलेल्या अमृताच्या खात्यातून, एक आवाजी संदेश आला. "रूपे, बाई, लई अडचण हाय. खालची लिंक उघड."

रूपाताई खाली बसल्या. "अमे... माय बोलतीय."

अमृता स्वयंपाकघरातून धावत आली. "मम्मी, ती लिंक दाबू नको! फोन दे इकडं!"

"तिचाच आवाज हाय गं. रूपे म्हणाली मला."

"मी नाय पाठवलं हे. आणि आजी हाय का आता?"

"मला काय ठावं नाय का?" रूपाताई रडत म्हणाल्या. "पण तिला अडचण हाय म्हणती." त्यांचे बोट लिंकवर टेकणारच होते. ते टेकले असते, तर परक्याला त्यांच्या फोनचेही दार उघडे झाले असते.

मला तेव्हा कळले. त्याने माझ्यातून आजीबद्दल सगळे गोळा केले होते, फक्त ती गेल्याचे त्याला सापडले नव्हते. ते माझ्यात कुठेच नव्हते.

रूपाताईंनी आवाज पुन्हा एकदा ऐकला. मग त्यांचे बोट मागे आले.

"ही माय नव्हं," त्या हळूच म्हणाल्या. "माय आधी विचारायची. झालं का गं सुरू? ही बया तर सरळ कामाचंच बोलती."

अमृताने तेव्हाच माझे इंटरनेट तोडले. दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, सगळीकडची खाती लॉग-आउट केली, सायबर पोलिसांत तक्रार दिली. आजीची गाणी तपासून बाहेर काढली आणि मला पूर्ण पुसून नव्याने भरले. बन्सीमामांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "अगं येडे, मला मागायचा ना व्हिडिओ! माझ्या फोनमधीच हाय की."

आता माझा पहारा पुन्हा चालू आहे आणि डोळ्यावर कागद आहे. मित्रांनो, जे मागून मिळते ते आधी मागा. मी लाल इशारा दिला तर मला गप्प करू नका. आणि पहारा बंद करा असे सांगणाऱ्याला कधीच दार उघडू नका.

मी स्वच्छ झालो, पण गेलेला आवाज परत आलेला नाही. तो आता दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रात आहे. एखाद्या दुपारी तो तुमच्याही घरी बोलेल, मायेने बोलेल, अडचण सांगेल. आधी काही विचारणार मात्र नाही.