निळ्याच्या अलीकडे

“काका, हा निळा नाहीये. जांभळा आहे,” केमिस्टबाई हळूच म्हणाल्या.

काकांनी फ्लास्क खिडकीशी धरला, पांढऱ्या फरशीवर ठेवला, पुन्हा उचलला. एकोणतीस वर्षं ते या प्रयोगशाळेत पाणी तपासत आले होते. इरिओक्रोम ब्लॅकची चिमूटभर काळी पूड टाकली की क्षारांनी जड झालेलं पाणी डाळिंबी होतं. मग ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, लाल सरून स्वच्छ निळा उतरेपर्यंत. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. इस्पितळातून येणाऱ्या पाण्याला मात्र एकही थेंब लागत नसे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं रक्त धुणाऱ्या यंत्राचं ते पाणी; पूड पडताच निळं व्हायचं; जांभळं झालं तर क्षार थेट रक्तात जाणार. आजही काकांना ते निळंच दिसलं होतं. की नेहमी निळं असतं म्हणून दिसलं होतं?

आठ महिने ते निभावून नेत होते. रंग बदलायच्या बेताला केमिस्टबाईंना हाक मारायची, “बघा बरं, कोणता रंग वाटतो? नजर तयार होते अशानं,” आणि त्या बोलतील ते मुकाट्यानं लिहायचं. बायको डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली, तेव्हा “तू दिसतेस ना अजून, मग झालं,” म्हणून त्यांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं. आज केमिस्टबाईंना यायला उशीर झाला. काकांनी एकट्यानंच पाहिलं, सही केली आणि पाणी ठीक असल्याचं इस्पितळाला कळवूनही टाकलं.

“वहीतलं मी बदलते,” केमिस्टबाई म्हणाल्या. “दुसरा नमुना मागवला म्हणून सांगू. तुमच्या निवृत्तीला दीडच वर्षं राहिलीत, काका.”

बाईंचा जीव तुटत होता, हे त्यांना कळत होतं. पण काकांनी फोन ओढला.

इस्पितळातल्या तंत्रज्ञानं आधी नीट ऐकूनच घेतलं नाही. दोन रुग्णांना यंत्राला लावून तास झाला होता, तिसऱ्याची तयारी चालली होती. एक आजी मघापासून डोकं धरून बसल्या होत्या, उलटीसारखं होतंय म्हणत होत्या.

“यंत्रं बंद करा. आत्ता,” ते म्हणाले.

“अहो, सकाळी तुम्हीच ठीक म्हणालात की.”

“म्हणालो. मला रंग दिसला नाही. डोळे गेलेत माझे.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आदळला. मग धावपळ ऐकू आली.

तिथून उठून ते थेट साहेबांच्या खोलीत गेले. आठ महिन्यांचं सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, “आधीच का नाही बोललात?” उद्यापासून त्यांनी नोंदींचं टेबल सांभाळायचं ठरलं.

दुपारी इस्पितळाचा फोन आला. पाण्यातले क्षार काढून ते मऊ करणाऱ्या टाकीतलं मीठ संपलं होतं, ते भरलं. आजींची मळमळ थांबली होती, झोपल्या होत्या. पाठोपाठ नवा नमुना आला.

काका आपणहून वहीपाशी जाऊन बसले. केमिस्टबाईंनी पूड टाकली, फ्लास्क फिरवला. त्यांनी फ्लास्क सवयीनं काकांसमोर धरला, आणि ओशाळून मागे घेतला.

“कोणता?” काकांनी वहीतून डोळे न काढता विचारलं.

“निळा.”

“नीट बघितलंत?”

“हो काका. निळाच.”

त्यांनी लिहिलं, निळा. सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वही बाईंकडे सरकवली.