लपवून घेतलेल्या गोळ्या

लालबागच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. पण प्रितीची वेणी घालताना तिची आई रोज कडी लावून घ्यायची. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचे केस गळताहेत हे शेजारी कळलं, तर ठरत आलेलं लग्न मोडेल ना!

"गुपचूप गीळ. भायर सांगू नको," म्हणत आई केस-नखांच्या व्हिटॅमिनच्या दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवायची. बायोटिनच्या, चांगल्या जबर ताकदीच्या. दिल्या कुणी? मोबाइलवरच्या जाहिरातीनं! चार महिने झाले तरी केस गळतच होते. जिना चढताना प्रितीला धाप लागायची, ऑफिसात डोळे मिटायचे. "दमलंस काय गो?" असं त्या एवढ्याशा खोलीत कुणी विचारलं नाही. वेणीची चौकशी मात्र रोज व्हायची. भरल्या घरात पोरगी अगदी एकटी पडली होती.

एकदा ती जिन्यातच चक्कर येऊन बसली, तेव्हा कुठे आईवडील तिला घेऊन दवाखान्यात गेले. रक्ताच्या रिपोर्टात थायरॉईड वाढलेलं निघालं.

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "लक्षणं तर उलटी आहेत हिची. दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत?"

"नाय ओ, काय पण नाय," आईच घाईनं म्हणाली. डॉक्टरीणबाई मुलाकडच्यांच्या ओळखीच्या होत्या.

"मग थायरॉईड कमी करायचं औषध सुरू करावं लागेल."

आईनं प्रितीचा हात दाबला. प्रितीनं तो सोडवून घेतला.

"घेते मी. बायोटिन. चार महिने."

"अगं बाई! एवढ्या डोसनं रक्ताची तपासणीच चुकू शकते. आणि अंगात कमतरता नसेल, तर त्यानं केस वाढतात याला धड पुरावाही नाही. आजपासून बंद. चार दिवसांनी पुन्हा रक्त दे."

दुसऱ्या रिपोर्टात थायरॉईड कमी निघालं. थकवा त्याचाच, केसगळतीही बहुधा त्याचीच.

मुलाकडच्यांना प्रितीनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. "कळवतो," म्हणाले. ते अजून कळवताहेतच.

आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. "आता तुका बायको कोण करतलो गो?"

"आये, चुकीचं औषध जाणार होतं माझ्या पोटात. त्याचं रडू तुला कधी येणार?"

मुली बघायला जाऊन वेणीला हात लावणाऱ्या आपल्याकडे तरी याचं उत्तर आहे का?